ओटी जास्त झाली

डोळ्यांच्या शिबिरातून मालनबाईला दुसऱ्यांदा परत पाठवलं, तेव्हा तिला रडू आलं नाही. राग आला. मोतीबिंदू डोळ्यात, आणि पट्टा दंडाला कशाला गुंडाळतात? पहिल्या खेपेला बीपीचा वरचा आकडा एकशे नव्वद होता. या खेपेला एकशे अठ्ठ्याहत्तर. एकशे साठच्या वर ऑपरेशन होत नाही, असं नर्सनं सांगितलं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तीच शेवटची.

डाव्या डोळ्यानं केव्हाच अंग काढून घेतलं होतं. आता उजवाही धूसर होत चालला होता. गेल्या आठवड्यात गुडीहत्नूरच्या त्यांच्या किराणा दुकानात तिनं गिऱ्हाइकाला साखर म्हणून मीठ बांधून दिलं. चहा फेकून गिऱ्हाईक परत आलं आणि चारचौघांत ओरडलं. तेव्हापासून नवरा भगवानराव तिला गल्ल्याजवळ बसू देईना.

निघताना डॉक्टरनं तिला थांबवलं. तरुण तेलुगू पोरगा, तोंडावर मास्क, डोक्यावर खडखडणारा पंखा. तो म्हणाला, "अम्मा, ओत्तिडि चाला एक्कुव. तग्गिंचालि."

मालनबाईचं तेलुगू बाजारातलं. एक्कुव म्हणजे जास्त. तग्गिंचू म्हणजे कमी कर. भाजीवालीशी रोज तोच शब्द. राहिला पहिला. तो तिनं नीट ऐकला. ओटी.

ओटी जास्त झाली. कमी करा.

ती तिथेच थिजली. याला कसं कळलं?

मालनबाईचा नवरा होता, तिन्ही लेकरं धडधाकट होती, आणि तिनं ओटी भरलेल्या सुना म्हणे सुखरूप बाळंत होत. हे कधीतरी कुणीतरी बोललं, आणि तीस वर्षं तिच्या मानेवर बसलं. डोहाळजेवण असो, लग्न असो, बोलावणं आधी तिला. नुसती ओटी भरून सुटका नाही. पहाटे जाऊन पुरण वाटायचं. तीन वाजेपर्यंत उपाशी राहायचं, कारण सवाष्ण नैवेद्याआधी जेवत नाही. बीपीची गोळी घरीच राहायची. नाही म्हणायची सोय नव्हती. मालनबाई आली नाही तर अपशकुन.

रात्री झोप नाही. मान लाकडासारखी. सकाळी जबडा असा दुखायचा, जणू रात्रभर फुटाणे खाल्लेत. आणि सगळे एकच सांगत, टेन्शन घेऊ नको. भगवानराव तर दिवसातून दहादा सांगे, त्यातलं पाचदा चहा मागता मागता.

दुसऱ्या दिवशी शेजारची बयनाबाई आली. पुतणसुनेचं डोहाळजेवण होतं.

"येत नाही मी," मालनबाई म्हणाली. "डॉक्टरनं ओटी बंद सांगितली."

"काय बंद सांगितली?"

"ओटी. तेलुगूत सांगितलं."

बयनाबाई ओट्यावर बसलीच. "बीपीत मीठ बंद करते, हे ऐकलं होतं व माय. ओटी बंद करते, हे आजच ऐकून राह्यली."

आत चुलीपाशी सून प्रीतीला ठसका लागला. प्रीती तेलुगू शाळेत शिकलेली. ती पाणी प्यायली. पुन्हा भाकरी थापू लागली.

भगवानरावांना हे पटलं नाही. "डॉक्टरले काय समजते आपल्या रीतीतलं?"

"तुमाले समजते ना? मंग जा तुमी खण-नारळ घेऊन."

पहिले चार दिवस वाईट गेले. बयनाबाईकडून जेवणाचा वास येत होता आणि मालनबाई घरात चोरासारखी बसून होती. पुतणसुनेला काही झालं तर? काही झालं नाही. दुसऱ्या एका बाईनं ओटी भरली, पोरगी हसतखेळत घरी गेली. मालनबाईला हायसं वाटलं. थोडा रागही आला. मग इतकी वर्षं कशाला?

प्रीती सकाळच्या भाकरीबरोबर गोळी हातावर ठेवू लागली. दुपारी मालनबाई मागच्या वाफ्यापाशी नुसती बसू लागली. नवव्या दिवशी ती सलग सहा तास झोपली. भगवानरावांनी घाबरून दोनदा हलवून पाहिलं.

तिसऱ्या तारखेला शिबिरात तोच डॉक्टर होता. मालनबाई ताठ मानेनं म्हणाली, "बंद केली म्या ओटी. एकदम बंद."

डॉक्टरनं प्रीतीकडं पाहिलं. प्रीतीनं तेलुगूत सांगितलं. डॉक्टर मास्क धरून हसायला लागला, नर्सही.

"आत्याबाई," प्रीती हळूच म्हणाली, "ओत्तिडि म्हंजे टेन्शन."

मालनबाईचे कान तापले. "मंग टेन्शन म्हनायले काय झालं होतं याले? सारं गाव म्हनते!" मग ती सुनेकडं वळली. "तुले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"पह्यल्या दिवसापासून."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं असतं, तर तुमी दुसऱ्या दिवशी बयनाकाकूकडं पुरन वाटत असत्या."

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. वांकिडीहून नणंद गयाबाई.

"वैनी, येत्या रविवारी सुनेचं डोहाळजेवन हाये. डोळ्याचं आजच होते ना? मंग या. ओटी तुमच्याच हातानं पाह्यजे."

"डोळ्याले धूर चालत नाही म्हना," प्रीती कुजबुजली.

चांगलं निमित्त होतं. मालनबाईनं ते घेतलं नाही. "मी येत नाही, गयाबाई."

"काऊन? डॉक्टरनं ओटी बंद केली म्हनते, ते खरं हाये काय?"

"डॉक्टरनं काही बंद केलं नाही. मीच थकली. मले यायचं नाही."

"मंग कोन भरन ओटी?"

"वांकिडीत सवासिनी सरल्या काय?"

फोन कट झाला. गयाबाईनंच केला. नर्सनं मालनबाईच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि मान हलवली. एकशे बहात्तर.

"गेलं," मालनबाई म्हणाली. "कशी मेली वेळ निवडते फोन करायले."

"बसा मावशी," नर्स हिंदीत म्हणाली. "पाय जमिनीवर टेका. बोलू नका. श्वास सावकाश सोडा. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघू."

फोन पुन्हा वाजला. प्रीतीनं तो बंद करून आपल्या पर्समध्ये टाकला. मालनबाईनं डोळे मिटले. गयाबाई आता अख्ख्या वांकिडीत सांगेल. सांगू दे. रुसेल, दिवाळीला येणार नाही. नको येऊ. एवढं झाल्यावर पुढं आणखी काय, ते तिला सुचेना. तिनं श्वास सोडला. पुन्हा सोडला.

नर्सनं पुन्हा पट्टा आवळला. सुटताना हवेचा फुसकारा झाला.

"एकशे शेहेचाळीस."

प्रीती उभी राहिली. नर्सनं मालनबाईच्या हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि डाव्या भुवईवर पेनानं ऑपरेशनची खूण केली.