टेबल सातवरचे काजू

प्लेट गरम होती, भाजीवर तळलेले काजू पसरले होते आणि केओटीवर लिहिलं होतं, ‘टेबल सात, एक्स्ट्रा काजू’. केओटी म्हणजे वेटरने घेतलेली ऑर्डर किचनला कळवणारी चिठ्ठी. ती मी दोनदा वाचली. या भाजीच्या ग्रेव्हीत मुळातच काजूची पेस्ट असते. वरून आणखी काजू सहसा कुणी मागत नाही.

गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये मी फ्लोअर मॅनेजर आहे. साडेनऊपर्यंत आमच्याकडे लोक निवांत जेवतात. मग मधली टेबलं उचलतात, दिवे मंद होतात आणि त्याच हॉलचा नाइटक्लब होतो. त्या शनिवारी डीजे उशिरा आला होता. त्यामुळे संध्याकाळी साडेसातला, भरल्या हॉलमध्ये त्याचा साउंड चेक चालला होता. स्पीकर नीट वाजतात का, ते बघत होता. जरा जास्तच नीट वाजत होते.

प्लेट किचनच्या काउंटरवरच ठेवून मी टेबल सातवर गेले. दिंडोरीचे एक द्राक्षबागायतदार, त्यांची पत्नी आणि कॉलेजात शिकणारी मुलगी तन्वी. तिचा चांगला निकाल साजरा करायला आले होते.

“मॅडम, जास्तीचे काजू तुम्ही सांगितले का?” मी आईच्या कानाशी वाकून विचारलं.

“अहो नाही! काजू अजिबात नको, असं सांगितलंय मी. हिला ॲलर्जी आहे.”

ऑर्डर प्रकाशने घेतली होती. बारा वर्षांचा अनुभवी वेटर. त्या दणदणाटात त्याच्यापर्यंत फक्त ‘काजू’ पोचला होता. त्याने हसून मान हलवली होती.

भाजी तर वेळेत थांबली. पण माझी नजर स्टार्टरकडे गेली. मलाई ब्रोकोली. चारातला एकच तुकडा उरला होता. भाजण्याआधी तिला जे दही-क्रीमचं मिश्रण लावतात, त्यातही काजूची पेस्ट असते.

“हे कुणी खाल्लं?”

“मीच,” तन्वी म्हणाली. “ओठ चुणचुणताहेत जरा. तिखटाने असेल.”

मलाई ब्रोकोलीत तिखट नसतं.

मी डीजेला हाताने खूण केली. म्युझिक बंद झालं. लगेच आमचे मालक, निखिलसर, धावत आले.

“वर्षा, काय झालं?”

“मुलीला ॲलर्जी आहे आणि तिच्या पोटात काजू गेलाय. मी हॉस्पिटलला नेतेय.”

“ड्रायव्हरला पाठव ना! शनिवार आहे.”

“पुढच्या गेटवर गाड्यांची रांग लागलीय, सर. माझी गाडी मागे आहे.”

तिघांना मी किचनमधून मागच्या दाराने बाहेर काढलं. हॉस्पिटल पाच मिनिटांवर होतं. तेवढ्यात तन्वीला खोकला सुरू झाला, आवाज घोगरा झाला, वरचा ओठ सुजला. “गोळी घरीच राहिली गं,” आई सारखी म्हणत होती.

हॉस्पिटलच्या दारातच निखिलसरांचा फोन आला. “डॉक्टरांना काजूचं बोलू नकोस. कशाने झालं ते आपल्याला कुठे माहीत आहे? केस होईल उगाच.”

“मला माहीत आहे, सर,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. काजूची पेस्ट, तीन तुकडे, वीस मिनिटांपूर्वी. त्यांनी पुढचा प्रश्न न विचारता तिच्या मांडीत इंजेक्शन दिलं.

आम्ही बाहेर उभे होतो. वडिलांनी विचारलं, “चूक कुणाची?”

“आमची. ताईंनी सांगितलं होतं. आम्ही नीट ऐकलं नाही.”

ते म्हणाले, “लय भरवशानं आलो होतो, मॅडम.”

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांच्या पुष्कळ शिव्या खाल्ल्यात. हे वाक्य त्यांच्यापेक्षा जड होतं.

अर्ध्या तासाने तन्वीचा श्वास मोकळा झाला. रात्रभर तिला देखरेखीखाली ठेवलं आणि सकाळी घरी सोडलं. केस वगैरे काही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी निखिलसर म्हणाले, “प्रकाशला काढू.”

“त्या आवाजात मलाही ऐकू आलं नसतं. त्याच्या जागी आलेल्यालाही येणार नाही.”

“मग काय करायचं?”

“साउंड चेक पाचच्या आत. डीजे उशिरा आला, तर साउंड चेक नाही. वेटरने पूर्ण ऑर्डर टेबलवर परत वाचून दाखवायची. आणि ॲलर्जी असेल, तर मी स्वतः विचारल्याशिवाय किचनने काही बनवायचं नाही.”

“डीजे ऐकणार नाही.”

“डीजेशी मी बोलते.”

बोलले. त्याने कुरकुर केली, पण पुढच्या शनिवारी पावणेपाचला हजर होता. प्रकाश अजून आमच्याकडेच आहे. शेंगदाण्याची चटणी असली तरी परत वाचून दाखवतो. काही पाहुणे वैतागतात. आता निखिलसर त्यांना हा नियम स्वतःचा म्हणून समजावून सांगतात, आणि मी ऐकून घेते.

हसून मान हलवणारा वेटर पाहुण्यांना आवडतो. नवा माणूस घेताना मी मात्र त्याला चार ओळींची ऑर्डर सांगते आणि परत म्हणून दाखवायला लावते, मागे म्युझिक लावून.