आबा, आक्का आणि सहा दिवस

आमच्या सासऱ्यांना, म्हणजे शिवराम साळव्यांना, वाद घातल्याशिवाय जेवण पचत नाही. सगळं कोपर गाव त्यांना आबा म्हणतं. तीस वर्षं त्यांनी बोअरवेलच्या गाडीवर काढली, मशीनच्या आवाजाने कान अधू करून घेतले. देवाने जग सहा दिवसांत केलं हे त्यांना मान्य आहे, पण ते दिवस चोवीस तासांचे होते हे नाही. "तीनशे फूट काळा पाषाण फोडलाय मी. एका दिवसात तयार होतो का तो?"

"देवाला तुझ्यासारखी गाडी लागत नाही," हे उत्तर त्यांच्या मोठ्या बहिणीचं. रखमाबाई, आम्हा सगळ्यांच्या आक्का. राहायला कळव्याला. चाळीस वर्षं संडे स्कूल घेतायत, चर्चमधली अर्धी मंडळी त्यांच्या हाताखालून गेलीय.

दर गुरुवारी वर्तकनगरला आमच्या चर्चमधल्या मुकुलच्या घरी बायबल अभ्यास असतो. तिथे चहा येईपर्यंत उत्पत्ती, चहानंतर पाप आणि चपला घालताना देवाचं राज्य, असा या भावंडांचा कार्यक्रम ठरलेला. आबांच्या मते राज्य शेवटच्या दिवशी येणार, आक्कांच्या मते शेजाऱ्याशी नीट वागलं की आजच. बाकीचे आम्ही फुकटात करमणूक करून घ्यायचो.

गेल्या महिन्यात आबा म्हणाले, "पाप आदामाने केलं, आपण नुसतं भोगतोय."

"आणि शुगर असून तू चोरून जिलेबी खातोस, ती पण आदामाने आणली?"

सगळे खो खो हसले. आबांचा पारा चढला. "तू चौथी पास! तुला काय कळतंय यातलं?"

आक्कांनी बायबल मिटलं, चष्मा डबीत ठेवला आणि रिक्षा करून निघून गेल्या. मला इतका संताप आला की घरी आल्यावर मी आबांना फक्त ताट वाढलं, बोलले नाही. "ती काय रागावत नाय," असं ते तीन दिवस स्वतःलाच सांगत होते. फोन मात्र केला नाही.

रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी. मनात अढी असेल तर आधी मिटवावी, मगच मेजापाशी यावं, अशी आमच्याकडची रीत. आक्कांचा गुडघा धरतो, म्हणून आबा दर वेळी त्यांना हात देऊन पुढे नेतात. त्या दिवशी आबा एकटेच रांगेला लागले. पुढे पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं. आक्का बाकावरच बसून होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या उठल्या नव्हत्या.

आबा रांग मोडून उलटे चालत आले. हळू बोलणं त्यांना जमत नाही, त्यामुळे सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

"आक्का, आई गेली तेव्हा मी दोन वर्षांचा. मला सांभाळायला तुझी शाळा सुटली. माझ्यामुळे तू चौथीवर राहिलीस आणि तेच मी तुला चारचौघांत बोललो. चुकलो मी."

पाळकसाहेब भाकरीचं ताट हातात धरून तसेच उभे राहिले. मला रडू आवरेना.

"शिवा, मला वाटायचं, तुला हे माहीतच नाही," आक्का म्हणाल्या आणि त्यांनी उठायला हात पुढे केला.