विहिरीवरची रेंज

आईला नव्या सिमसकट नवा फोन देताना मी पुण्यात बसून सगळ्या कंपन्यांचा इंटरनेटचा वेग ताडून पाहिला. गावात रेंज कुणाची येते, एवढंच विचारायचं राहिलं. जुन्या फोनवर आई ओटीच्या खिडकीत बसून रोज संध्याकाळी मावशीशी बोलायची. नव्याला रेंज मिळते ती फक्त मागच्या विहिरीपाशी. काल गावी येऊन पाहिलं, तर आई कठड्याला टेकून, पदरानं डास हाकलत, फोन कानाशी धरून उभी. वेग घेऊन ती कुठं जाणार होती? तिला बहिणीचा आवाज हवा होता, आणि बसायला ती खिडकी. मावशीनं बहुधा ‘कुठं आहेस’ विचारलं असावं. आई म्हणाली, “विहिरीवर. नाही गं, जीव द्यायला नाही. लेकानं भारीतला फोन दिलाय.”