हुंगलेले हात

"हिच्या हाताला वास येतो."

आजी एवढंच बोलल्या. लकव्याने त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, निम्मे शब्द कळायचे नाहीत. हे वाक्य मात्र स्वच्छ आलं.

बोईसरमधला त्यांचा फ्लॅट. मी तिथे दिवसपाळीला पेशंटची बाई. त्या दिवशी आमच्या ब्युरोची तपासणी होती. घरोघरी बाया पाठवणारा ब्युरो. बाई काम नीट करते का, पेशंटला धोका नाही ना, हे बघायला मधूनमधून एक मॅडम येतात. त्यांनी पलंगाचा कठडा हलवून पाहिला. बाथरूमची लादी निसरडी नाही ना, ते पायाने घासून पाहिलं. हवेची गादी दाबली, औषधांच्या तारखा वाचल्या. मग वाकून, अगदी मायेने आजींना विचारलं, काही तक्रार आहे का? आणि आजींनी उचलली जीभ लावली टाळ्याला.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "हात पुढे करा."

मी केले. शाळेत नखं दाखवतात तसे. मॅडमने मास्क खाली ओढला आणि माझे हात हुंगले. आधी उजवा. मग डावा. आजींचा मुलगा बघत होता, सून बघत होती, भांडी घासणारी बाई ओल्या हाताने दारात थांबून बघत होती.

कुठल्या तुम्ही, मॅडमने विचारलं. मी म्हटलं, दांडीची. "अच्छा," त्या म्हणाल्या. दांडी म्हणजे किनारा, किनारा म्हणजे मासळी. पुढे विचारायची गरजच राहिली नाही.

सून लगेच म्हणाली, "मी हिला आल्या आल्या मागच्या बाल्कनीत हातपाय धुवायला लावते. कपही वेगळा ठेवलाय." मॅडमने तेही टिपून घेतलं. चांगल्या गोष्टींमध्ये.

मग आजींना कुशीवर करून पाठ तपासली. कुठे चट्टा नाही, कुठे लाली नाही. मॅडम सुनेला म्हणाल्या, "छान सांभाळलंय हो तुम्ही." सून हसली. सुनेने त्या पाठीला कधी बोट लावलं नव्हतं. शेवटी मॅडमने टॅबलेट माझ्यासमोर धरला आणि सही करायला सांगितली. बाईच्या सहीशिवाय तपासणी पुरी होत नाही. वर आधीच भरलेलं होतं, बाईचं म्हणणं: काही नाही. मी सही केली. हुंगलेल्या हातानेच.

राग यायला हवा होता. लाज तर आलीच. पण खरं सांगते, सगळ्यांच्या आधी मला हेवा वाटला.

त्या म्हातारीचा हेवा. अंथरुणाला खिळलेल्या, मुतायलासुद्धा माझ्यावर अवलंबून असलेल्या बाईचा. तिने वाकड्या तोंडाने चार शब्द काढले आणि चार माणसं हलली. तिची पाठ बघायला मुंबईहून मॅडम येते. तिची लादी, तिची गादी, तिचं गिळणं, सगळ्याची विचारपूस होते. माझी आय दांडीत गोधडीवर पडली होती. तिलाही लकवाच. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली, आणि एका सकाळी बोंबील वाळत घालताना कोसळली. दुपारी शेजारची काकी येऊन पेज भरवायची, तेवढंच. मी सकाळी निघाल्यापासून परत येईपर्यंत तिला कुशीवर करणारं कोणी नव्हतं. तिच्या माकडहाडावर जखम झाली होती. दुसऱ्याच्या आईला दर दोन तासांनी कूस बदलून देणाऱ्या बाईच्या आईला.

हवेची गादी आजींच्या खालून ओढून घ्यावी असं वाटायचं. एक दिवस, एकच दिवस, या म्हातारीला आमच्या गोधडीवर झोपवावं आणि मग विचारावं, काही तक्रार आहे का? असले विचार डोक्यात घेऊन मी तिची पाठ पुसायची. हात मात्र हळूच फिरायचा.

त्या दिवसापासून मी हात धुवायचं वेड घेतलं. बाल्कनीत साबण, मग लिंबू, मग जंतू मारायचं ते झोंबणारं निळं औषध. कातडी सोलवटली. घरी मासळीला हात लावणं बंद केलं, कालवण काकीकडून आणायला लागले.

एका संध्याकाळी आयला भरवत होते. तिने तोंड फिरवलं.

"तुजे हाताना दवाखान्याचा वास येते," ती म्हणाली. "मना जेवान जात नाय."

माझं डोकंच फिरलं. वाटी आपटली. तू पण? तुझ्यासाठीच मरते ना मी? आय डोळे मिटून पडून राहिली. ते मिटलेले डोळे बघितले आणि मला उमगलं, पडल्यापासून आयने केलेली ही पहिली तक्रार. जखम झाली तेव्हाही ती बोलली नव्हती. कोण ऐकणार होतं? आणि पहिल्यांदा तोंड उघडलं तर मी वाटी आपटली. आजींच्या तक्रारीपायी मी कातडी सोलून घेतली होती.

उठले. साध्या पाण्याने हात धुतले, काकीकडून सुकट आणून भाजली, चुरली, भातात कालवली. आय जेवली.

मग मी तिथेच बसून विचार करत राहिले. आजींना विचारतात. आयला निदान आता मी विचारीन. मला कोण विचारणार?

पुढच्या तपासणीला त्याच मॅडम आल्या. कठडा, लादी, गादी. मग सवयीने म्हणाल्या, "हात."

मी हात मागे घेतले.

"नाय. नखं बगा, साबण बगा, आजींची पाठ बगा. हुंगायला देनार नाय. आनि माजी तक्रार हाय, ती लिवा."

मॅडमना वाटलं, मी चिडलेय. समजावणीच्या सुरात म्हणाल्या, तक्रार पेशंटची असते. मी म्हटलं, मग सही पन पेशंटची घ्या. टॅबलेट त्यांच्या हातातच राहिला. पुढचं पान उघडेना. सून म्हणाली, माज आलाय हिला, दुसरी बाई पाठवा. मुलाने माझी पिशवी दाराशी आणून ठेवली. पलंगावरून आजी म्हणाल्या, "मग मला कुशीवर कोण करणार?"

तेव्हाही काळजी त्यांचीच. पुन्हा हेवा वाटला. लपवत नाही.

कूस बदलायची वेळ झालीच होती. मी त्यांना उजव्या कुशीवर केलं, पाठीला उशी लावली आणि पिशवी उचलली.

आता मी ब्युरोच्या बाकावर बसते. काम अजून दिलेलं नाही. शेजारी मनोरच्या, मासवणच्या बाया असतात. नवी पोरगी तपासणीच्या भीतीने नखं घासत बसली की मी तिला आधी विचारते, तुजी तक्रार काय? पहिल्यांदा सगळ्या म्हणतात, काय नाय. मी पुन्हा विचारते. मग बोलतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सगळ्यांनीच खाल्लाय.

काल ब्युरोचा माणूस म्हणाला, माफी मागून त्या अडकलेल्या तपासणीवर सही कर, उद्यापासून काम देतो. घरी आयचं औषध संपत आलंय, हे त्याला ठाऊक आहे. मी विचारलं, बाईचं म्हणणं काय लिवलंय? तो म्हणाला, काही नाही.

मी सही केली नाही. माझं म्हणणं तिथे लिहिल्याशिवाय करणार नाही.