मला वाटलं, ऊनच लागलंय

माझ्या मैत्रिणीच्या, मृणालच्या डोहाळजेवणाला गेले होते... तिथे माझ्याच हाताची तपासणी झाली. २००६ची गोष्ट. आम्ही तेव्हा ॲरिझोनात, चँडलरला राहायचो.

त्या उन्हाळ्यापासून मी काळवंडत चालले होते. ऑफिसमधल्या गोऱ्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "नाइस टॅन! व्हेकेशनला गेली होतीस का?" आणि पुण्याहून आई फोनवर म्हणायची, "किती उन्हात फिरतेस गं? बेसन-हळद लाव." एकाच रंगाचं इकडे कौतुक, तिकडे काळजी... मला काहीच कळेना.

खरं तर मी उन्हात जातच नव्हते. घर, गाडी, ऑफिस, सगळीकडे एसी. शिवाय दम इतका कमी झाला होता, की भाजी चिरायलाही खुर्ची लागायची. वजन उतरलं होतं, उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि लोणच्याचा नुसता खार चमच्यानं खावासा वाटायचा.

डॉक्टरांनी थायरॉइड बघितलं... नॉर्मल. "घरची आठवण येते का? स्ट्रेस आहे का?" असं विचारलं. समीर, माझा नवरा, म्हणाला थोडी सुट्टी घे. मलाही वाटायला लागलं, की सगळं माझ्या मनातच असेल. पण मन उदास झालं म्हणून कोणी काळं होतं का?

तर डोहाळजेवण. मृणालच्या बाळंतपणासाठी तिची आई नागपूरहून आली होती. मावशी तिथल्या मेडिकल कॉलेजातून रिटायर झालेल्या डॉक्टर. बायका मेंदी काढत होत्या, मी माझा नंबर यायची वाट बघत सोफ्यावर टेकले होते.

मावशी शेजारी येऊन बसल्या. "तुझी मेंदी जुनी आहे का गं?"

"नाही मावशी, अजून काढलीच नाही."

त्यांनी माझे हात खिडकीपाशी नेऊन उघडले. तळहाताच्या रेषा तपकिरी-काळ्या दिसत होत्या. मी ते कधी नीट पाहिलंच नव्हतं... मग त्यांनी मला ओठ खाली ओढायला लावला. हिरड्यांवरही डाग.

मला रागच आला. वाटलं, झालं, आता याही माझ्या रंगावर बोलणार. पण त्यांनी विचारलं, "खारट खावंसं वाटतं? उठल्यावर चक्कर येते?"

मी मान डोलावली.

"उन्हानं हिरड्या काळ्या होत नाहीत, बाळा. उद्या सकाळीच डॉक्टरकडे जा. कॉर्टिसॉल तपासा म्हणून सांग."

मेंदी न काढताच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त दिलं. संध्याकाळी डॉक्टरांचाच फोन आला... रक्तातलं मीठही खूप कमी झालंय, ताबडतोब हॉस्पिटलला या, स्वतः ड्राइव्ह करू नका. तिथे सलाइन लागलं, इंजेक्शन दिलं. सकाळी उठले तर चक्क भूक लागली होती.

हॉर्मोन्सच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. किडनीच्या वर बसलेल्या माझ्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे जगायला लागणारं हॉर्मोन बनवेनाशा झाल्या होत्या. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी त्यांना जागं करायला एक हॉर्मोन जास्त जास्त सोडत होती, आणि तेच हॉर्मोन त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशींनाही चेतवत होतं. आणखी थोडे दिवस असेच गेले असते, तर जिवावर बेतलं असतं, असंही ते म्हणाले. मी ऐकत होते, पण डोक्यात एवढंच शिरलं... मी टॅन नव्हते झाले, आजारी होते.

आता रोज गोळ्या, त्याही जन्मभर. काही महिन्यांत रंग बराचसा पूर्ववत झाला. मग एका पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एकीनं हळूच विचारलं, "कुठलं क्रीम वापरतेस गं?" मी कॉर्टिसॉलचं सांगायला लागले, तर तिला वाटलं मी लपवतेय. हसावं की रडावं, अजून ठरलेलं नाही.

मावशी कधीच नागपूरला परत गेल्या. फोन केला की आधी विचारतात, "गोळी घेतलीस ना?" माझा रंग आता कसा आहे, हे त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही... त्यासाठी त्यांचे आभार कसे मानावेत, तेवढं मात्र सुचत नाही.