अर्ध्या भाकरीची भीती

जन्मले तेव्हा माझं वजन कुणी केलंच नव्हतं. बाळंतपण घरातलं. आई सांगायची, "एवढीशी होतीस, सुपात ठेवलं तरी जागा उरली." मी जगेन असं कुणाला वाटेना, म्हणून शेजारणीला मूठभर कोंड्यावर विकल्यासारखं केलं आणि परत मागून घेतलं. हे मी लहानपणापासून हसत ऐकलेलं. त्याची भीती वाटायला लागली ती पहिलटकरीण झाले तेव्हा.

नव्वद साल उलटून गेलं होतं. सासर शहाडला. सातवा लागला तशी बाळंतपणासाठी ठाण्याला, टेंभी नाक्याजवळ माहेरी आले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला साखर आहे."

आई हसलीच. "हिला? अहो बाई, अंगावर मूठभर मांस नाही. साखर शेठ लोकांना होते."

"बारीक माणसांनाही होते, आजी." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही जन्मताना फार लहान होता का?"

नवख्या माणसापुढे माझा आवाज निघत नाही. आईनेच सुपाचं सगळं सांगितलं, कौतुकाने. बाई म्हणाल्या, पोटात असताना ज्यांना कमी मिळतं त्यांचं शरीर थोडक्यात भागवायला शिकतं, मोठेपणी त्यांना साखर झेपत नाही, असं आता डॉक्टर म्हणायला लागलेत. सगळ्यांचंच तसं होत नाही, पण तुम्ही जन्मभर जपायचं. रोज इन्सुलिनची सुई घ्यायची. गोड बंद. साखर वाढली तर बाळ पोटात फार मोठं होतं.

घरी येऊन आई चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "शेवटचे महिने मी अर्ध्या भाकरीवर काढले. माझ्या आईनेच सांगितलेलं. मूल मोठं झालं की अडतं. माझी थोरली बहीण अडूनच गेली ना गं. मी काय मुद्दाम केलं?"

"नाही गं आई," मी म्हटलं. पण पोटावरचा हात मला काढवेना.

आईच्या डोक्यात बाईंचं एकच बोलणं राहिलं, बाळ मोठं होईल. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटातली भाकरी अर्धी झाली. "साखर आहे ना तुला? मग कमीच खायचं." सुईची बाटली माठाच्या गारव्याला ओल्या फडक्यात ठेवलेली असायची. अर्ध्या पोटी सुई घेतली की हातपाय थरथरायचे, घाम सुटायचा. पोटभर खाल्लं तर साखर चढेल, नाही खाल्लं तर बाळ माझ्यासारखं होईल आणि त्यालाही हेच भोगावं लागेल. दोन्हीकडून मीच त्याला मारतेय असं वाटायचं. आईला उलट बोलायची मला सवय नव्हती.

एका दुपारी बाळ हललंच नाही. कुशीवर झाले, पाणी प्याले, तरी काही नाही. आई झोपली होती. मी चपला घातल्या आणि एकटीच दवाखाना गाठला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता बोलले, "बाई, घरी मला अर्धीच भाकरी मिळते."

त्यांनी पोटाला नळी लावली. ती इकडून तिकडे सरकवत राहिल्या. "ठोके आहेत," शेवटी त्या म्हणाल्या. मग मला खायला दिलं आणि आईला बोलावणं पाठवलं.

आई धापा टाकत आली. "न सांगता आलीस होय गं?"

"आजी, मी गोड बंद सांगितलं, जेवण नाही."

"आणि अडली तर?"

"अडली तर मी आहे. पोट कापून बाळ काढीन. तुमच्या बहिणीपाशी कुणी नव्हतं."

आईने पदराने तोंड पुसलं. त्यानंतर ती ताटात पूर्ण भाकरी वाढायची, वर डाळ, भाजी, मासळीचा तुकडा. पण मी जेवत असताना पाठ करून बसायची. तिला बघवायचं नाही.

कळा सुरू झाल्या तेव्हा तिची बहीण माझ्याही डोळ्यांपुढे होती. बाळ रडल्याचा आवाज आला तसं मी विचारलं, "वजन किती?"

नर्स म्हणाली, "अहो, बाकीच्या आधी मुलगा की मुलगी विचारतात!"

"वजन सांगा ना."

"पावणेतीन किलो. मुलगी आहे."

दाराबाहेरून आईने घाबऱ्या आवाजात विचारलं, "हे जास्त की कमी?"

"बरोबर आहे, आजी," नर्स म्हणाली. मग आई मोठ्याने रडली. माझं साखरेचं मात्र संपलं नव्हतं. बाई तेवढ्यात साखर बघायला माझ्या बोटाला सुई टोचत होत्या.