वाकड्या पाइनचा फोटो

आमच्या गावात कुणाला मासा मिळाला की "कुठे मिळाला?" असं विचारायची रीत आहे, आणि "तळ्यात" असं उत्तर द्यायची. तळं बावीस मैलांचं. याहून नेमका पत्ता आम्ही बायकोलाही देत नाही.

आर्विड लुंडक्विस्टला मात्र एक माणूस खरी जागा सांगायचा: एक्याऐंशी वर्षांचा टॉइवो. आर्विडचा बाप लवकर गेला. बर्फाला भोक पाडून गळ सोडायला त्याला टॉइवोनेच शिकवलं.

आर्विडचं आमिषाचं दुकान आहे. दुकानाच्या फेसबुक पानावर तो रोज गांडुळांच्या डब्याचा फोटो टाकायचा आणि खाली लिहायचा, "गांडुळं आहेत." आठ लाइक यायचे. त्यातले सहा त्याच्या बहिणींचे.

हायवेवर मोठं दुकान उघडलं, आर्विडचं गिऱ्हाईक आटलं, आणि मी शहाणपणा केला. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मला सगळ्यांना शिकवायची खोड लागली आहे.

"अरे, गांडुळं कोण बघतं? मासा दाखव, स्वतः हस, मागे आपलं तळं दिसू दे!"

"हसू कशाला?"

"लोक हसऱ्या माणसाकडून गांडुळं घेतात, आर्विड."

जानेवारीत त्याने फोटो टाकला. हातात अकरा पौंडांचा वॉलआय मासा, तोंडभर हसू, आणि मागे काठावरचा वाकडा पाइन. तसा पाइन अख्ख्या तळ्यावर एकच. त्याच्यासमोरची जागा टॉइवोने चाळीस वर्षं जपली होती, आणि फक्त आर्विडला दाखवली होती.

शनिवारी तिथे दीडशे गाड्या उभ्या. गोठलेल्या तळ्यावर गळ टाकून बसायच्या खोपट्यांचं नवं गावच वसलं. आर्विडच्या दुकानातलं आमिष दुपारच्या आत संपलं. आर्विडने फोटो काढून टाकला, पण गाड्या कशा काढणार?

"तूच म्हणालास, मागचं दिसू दे," तो माझ्यावर उखडला.

"मी तळं म्हणालो, झाड नव्हे!" मी भांडलो खरा, पण माझं मलाच पटेना.

सोमवारी टॉइवो नेहमीसारखा आमिषाची जिवंत चिंगळ्या मासळी न्यायला रिकामी बादली घेऊन दुकानात आला. आर्विडने एकाऐवजी दोन जाळ्या भरून ओतल्या. टॉइवोने त्यातली एक शांतपणे टाकीत परत सोडली.

"टॉइवो, तो फोटो मी..."

"पाहिला. नातीने दाखवला. पोट सुटलंय तुझं."

मी हसलो. एकटाच. आर्विड काउंटर पुसत राहिला. काउंटर कोरडाच होता. टॉइवोने टोपी कानावर ओढली.

"आज कुठे बसणार?" आर्विडने विचारलं. पन्नास वर्षं विचारत आला होता तसंच.

टॉइवोने बादली उचलली आणि दार उघडलं.

"तळ्यात," तो म्हणाला, आणि दार हलकेच लावून गेला.